श्रीकांतची विलायती रेसर

एखादं खूळ वस्तीत शिरलं की त्याचा ताप नेमका जाणत्या माणसाला होतो. परदेशात जुन्या सायकलींना सोन्याचा भाव येतो, असं कुणीतरी पेपरात वाचलं होतं. परदेशी व्यापाराला देशाची दारं नुकतीच उघडली होती, तेव्हा आपल्या बाल्कनीतली गंजकी सायकलही आता लंडनला निघाली, असं कुकटपल्लीतल्या निम्म्या मराठी घरांना वाटायला लागलं. ही सगळी वरात रविवारी सकाळी एकनाथरावांच्या दारात. ते यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते, तरुणपणी सायकलच्या शर्यतींत उतरलेले, आणि कोणती गाडी कुठली हे बघताक्षणी सांगणारे.

"घंटी विलायती आहे. बाकी सगळं पंजाबचं," ते सांगायचे. समोरच्याचं तोंड उतरायचं. तो चहा संपवून निघायचा आणि जिना उतरताना बायकोला म्हणायचा, "ह्यांना काय कळतंय!" एकनाथरावांना ते वर स्पष्ट ऐकू यायचं.

"मग आलास कशाला मरायला माझ्या दारी?" ते कपाळावर हात मारून घ्यायचे. त्यांच्या पत्नी इंदुताई पुढच्या पाहुण्यासाठी आधण ठेवायच्या.

एका सायकलीबद्दल मात्र त्यांना कधी शंका आली नव्हती. ती त्यांच्या जिवलग मित्राची, श्रीकांतची. तीस वर्षांपूर्वी नामपल्लीच्या नुमाईश मैदानापासून टँक बंडच्या तलावाला वळसा घालून परत अशी शर्यत झाली होती. श्रीकांत पहिला आला, एकनाथराव दुसरे. त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "अरे, त्याची रेसर विलायती! कुठल्यातरी गोऱ्या साहेबाची असणार. ती माझ्या बुडाखाली असती तर हा दिसला पण नसता." श्रीकांतने ती मोडक्या-जुन्या वस्तूंच्या जुमेरात बाजारातून घेतलेली. ती कुठली, हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. "असेल बाबा," म्हणून तो हसला होता.

झालं! तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात एकनाथराव तेच सांगत आले. लोक श्रीकांतचे पाय विसरले आणि सायकल तेवढी लक्षात राहिली. त्याचं नावच पडलं, 'विलायतीवाला'. गेल्या वर्षी तो वारला, तेव्हा स्मशानातसुद्धा कुणीतरी हळूच विचारलं, त्या रेसरचं आता काय करणार म्हणून.

आता त्याची बायको शोभा कोठी भागातलं भाड्याचं घर सोडून मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होती. तिथे सायकलीला जागा नव्हती. ओळखीतल्या, कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या अनिरुद्धला ती विकत घेऊन क्लासच्या भिंतीवर टांगायची होती, पण विलायती असेल तरच. आणि तसा निर्वाळा देणार कोण? एकनाथरावच.

ते पोचले आणि दारातच त्यांचं डोकं फिरलं. सायकल चांदीच्या ताटासारखी चकाकत होती.

"वहिनी, अहो रंग कशाला दिलात?"

"दर खंडेनवमीला हे एक हात द्यायचेच, भाऊजी. पूजेला काय तशीच मळकी ठेवायची? त्यात आता गिऱ्हाईक येणार, म्हणून मी अजून एक दिला."

"अहो, जुन्या गाडीची किंमत तिच्या मूळ रंगाला असते! कंपनीचं नाव, पट्टे, सगळं तुम्ही पुरलंत!" तीस दसऱ्यांचा रंग एकावर एक बसला होता. सांधे कुठे आणि नळी कुठे ते कळायला मार्ग नव्हता.

"हौ ना काका, पण कैकू एवढा वेळ लावता?" अनिरुद्ध घड्याळ बघत म्हणाला. "ओरिजिनल असेल तर बोला, नकली नक्को."

"गप्प बस जरा!"

पण रंगाला लपवता येत नाही अशी एक खूण असते. एकनाथरावांनी सीट उपसून काढली. सीटची दांडी फ्रेमच्या नळीत आतून बसते. चांगल्या रेसरची नळी पातळ पोलादाची, म्हणून तिच्यात दांडी जाड लागते. साध्या सायकलीची नळी जाड, म्हणून दांडी बारीक. त्यांनी खिशातलं जाडी मोजायचं व्हर्नियर दांडीला लावलं.

दांडी बारीक निघाली.

त्यांनी दांडी पुसली, पुन्हा मोजली. व्हर्नियरवर चिडले, उजेडावर चिडले. मग सायकल उलटी करून पेडलच्या मधल्या नळकांड्याखालचा रंग ते चाकूने तावातावाने खरवडू लागले. पापुद्रे निघाले. खाली नंबर, आणि नंबराशेजारी लुधियानाच्या कारखान्याचा शिक्का. हँडल तेवढं परदेशी, कुणीतरी मागाहून बसवलेलं. शिक्का त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. ज्या सायकलीवर ते शर्यत हरले, तिच्यावरही हाच होता.

खोलीत हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. 'विलायती' एवढा एक शब्द उच्चारला असता, तर शोभाची सायकल मानाने भिंतीवर लागली असती, अनिरुद्ध खूश झाला असता आणि तीस वर्षांची आपली फुशारकीही शाबूत राहिली असती. शब्द अगदी जिभेवर आला. दर रविवारी लोकांना तोंडावर खरं सुनावणाऱ्या माणसाला तो गिळताना घाम फुटला.

"देशी आहे," ते म्हणाले. "साधी. माझी होती तसलीच."

"सॉरी काकी. मग नक्को," म्हणत अनिरुद्ध चपला घालून गेलासुद्धा.

शोभाने वाकून त्या खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे तुमची आणि यांची सायकल सारखीच होती?"

"हो, वहिनी."

"मग हे जिंकले ते..."

"पायांनी जिंकला तो. माझ्यापेक्षा जोरात पेडल मारायचा. बस."

"एवढं एकदा त्यांच्यासमोर म्हणायचं होतं, भाऊजी," शोभा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळले होते. भेटायला येणारा प्रत्येक जण सायकल कशी आहे विचारायचा."

एकनाथरावांनी सायकल सुलटी करून उभी केली.

"सीट बसवून द्या," ती डोळे पुसत म्हणाली. "ही माझ्याबरोबर येणार. मुलगा काय म्हणायचं ते म्हणू दे."

ते दांडी घेऊन खाली बसले. सबंध आयुष्य त्यांचं या नाहीतर त्या माणसावर चिडण्यात गेलं होतं. आज चिडण्याजोगा एकच माणूस त्या खोलीत होता, आणि त्याला जिन्यावरून हाकलून देता येत नव्हतं.