दोन तास मागे पडलेलं घड्याळ
लॅपटॉपचं झाकण उघडलं की अजूनही डोकं तापतं. शिक्षण संपवून मी तेव्हा मालवणला घरी होतो, आणि भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा एक प्रोग्रॅम स्वतः लिहून लॅपटॉपवरच्या लिनक्स या प्रणालीवर चालवत होतो. त्या दिवशी दुपारी जेवून झाकण मिटलं, दोन तास झोपलो आणि उठून पुन्हा उघडलं. दारातून वडील म्हणाले, "पाणी उतराक लागला, नाय रे?" पडद्याकडे बघून मी ठासून सांगितलं, "अजून चढता, बाबा. तासभर तरी आसा." ते होडी घेऊन गेले आणि खाडीच्या तोंडाशी वाळूवर आदळले. तळाची फळी फुटली. लॅपटॉप झोपला तेव्हा त्याचं पडद्यावरचं घड्याळ थांबलं होतं, आणि जागं झाल्यावर झोपेतही चालू राहणाऱ्या आतल्या बॅटरीवरच्या घड्याळाला खरी वेळ न विचारता लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याने, थांबल्या जागेपासूनच मोजायला घेतलं होतं. असला कसला कोड लिहितात हे लोक? शिव्या घालत चार दिवस मी तो कर्नल उसवला, जागं होताच वेळ पुन्हा वाचणाऱ्या ओळी घातल्या. घड्याळ सुधारलं, राग उतरेना. शेवटी नवी फळी ठोकत बसलेल्या वडिलांवरच ओरडलो, "चाळीस वर्षां दर्यात काढलीत, पाणी उतरताना तुमका दिसला नाय?" हातोडी न थांबवता ते म्हणाले, "दिसला होता. पण तू सांगितलंस म्हणान गेलंय." माझ्या खुर्चीतून खाडी दिसत होती. मी मान वळवली नव्हती, त्याचाच हा राग आहे.