संगीताचा राहून गेलेला ढावलो

संगीताला रडण्याचे पैसे मिळतात, हे तिच्या आईला, जमनीला, कधी पटलंच नाही. "रडाचे का कोणी पैसे देते? आमी तं जन्मभर फुकट रडलो!" असं ती तांड्यातल्या बायांना सांगे आणि वर खो-खो हसे.

हा बंजाऱ्यांचा तांडा उमरखेडच्या पुढे. तिथं नवरी सासरी निघाली की ढावलो करते. ढावलो म्हणजे साधंसुधं रडणं नव्हे बरं! आई, बाप, मावशी, मैत्रीण, ज्याच्या त्याच्या गळ्यात पडून, त्याच्या नावानं, आठवणी काढत काढत सुरात रडायचं. म्हाताऱ्या बाया लग्नाआधी पोरींना बसवून ते शिकवतात. लहानगी संगीता त्या शिकवणीत आगंतुक जाऊन बसायची आणि मग विहिरीवर रडणाऱ्या नवरीमुलींच्या नकला करायची. कोणाचा हुंदका कुठं अडकतो, कोणती रडता रडता हळूच बांगड्या सावरते, सगळं हुबेहूब. बाया पोट धरून हसायच्या. जमनी मात्र काठी घेऊन मागं धावायची. "लोकाईच्या पोरीच्या रडण्याची मस्करी करते काय वं? तुह्या वक्ती रडू नाही येनार, पाहजो!"

आईची जीभ काळी म्हणावी, असंच झालं.

उमरखेडच्या शाळेत वामनराव म्हणून नाटकवेडे मास्तर होते. त्यांनी गॅदरिंगला संगीताला आईचं काम दिलं आणि ही एवढीशी पोर अशी रडली की पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी रुमाल काढले. मग यवतमाळच्या स्पर्धा झाल्या, मग वणी, आणि तिथून थेट झाडीपट्टीची नाटकं. हिवाळाभर आज या गावात तर उद्या त्या गावात, मांडवात हजारो माणसं आणि स्टेजवर संगीता. तिथंच तिला चारुदत्त भेटला. वणीच्या कारकुनाचा मुलगा, कंपनीत ऑर्गन वाजवायचा, स्वभावानं सशासारखा. पण संगीता वाक्य विसरली की तिला आठवेपर्यंत हा पठ्ठ्या असा काही सूर धरून ठेवायचा, की लोकांना वाटावं, बाईला गहिवरून आलंय. आता असा माणूस कोण सोडतं सांगा!

दोन प्रयोगांच्या मधल्या दिवशी त्यांनी रजिस्टर लग्न केलं आणि पेढे घेऊन तांड्यावर गेले. बाप धावजीनं जावयाच्या पाठीवर थाप मारली. गडबड एकच झाली. पुढच्या प्रयोगाची गाडी बाहेर हॉर्न मारत होती आणि संगीता हसत हसत तीत बसून निघून गेली. ढावलो राहिला.

जमनी संतापली. लेक माहेरी आली की तिला तूप-भाकर खाऊ घालायची, पुढं लेक टीव्हीवर दिसू लागली तेव्हा मालिकेत तिला कोणी छळलं की पडद्याकडं पाहून बोटं मोडायची. पण वणीला चल म्हटलं की तिचं एकच उत्तर. "ढावलो नाही केला म्हंजे तू सासरी गेलीच नाही. फिराले गेली, असं समजतो मी. अन् पोरगी सासरी नाही गेली, तं मायनं तिच्या सासरी कायले यावं?"

एकदा तर कमालच केली. चंद्रपूरला महाकालीच्या जत्रेला निघाली, वाटेत वणी लागली. लेकीला स्टँडवर बोलावलं, तिचा डबा बाकावर बसून खाल्ला, जावयाची विचारपूस केली आणि पुढच्या एसटीनं गेली. घर तिथून हाकेच्या अंतरावर! संगीता रिकामा डबा घेऊन उभी राहिली, आणि त्या दिवशी तिला खरंच वाईट वाटलं. कळंबच्या देवळात बाया दर्शन सोडून तिच्यासोबत फोटो काढायच्या, पण तिच्या घरात याडीचा पाय काही लागत नव्हता. याडी म्हणजे आई.

आणि मागच्या वर्षी सिनेमा आला तो थेट तिच्याच तांड्यात. संगीता नवरीची आई, पुण्याची शाल्मली नवरी, आणि श्रेयस नावाचा तरुण दिग्दर्शक. प्रसंग ढावलोचा. शाल्मली बिचारी गुणी मुलगी, डोळ्यांत ग्लिसरीन घालून जीव तोडून रडत होती. पण गर्दीत बसलेल्या जमनीला ते सहन होईना.

"हे रडून राह्यली का हिले ठसका लागला?" ती ओरडली. तांडा हसला, शाल्मलीही हसत सुटली.

"थांब, मी दाखवते," संगीता म्हणाली. दाखवायला कोणाचा तरी गळा हवा. समोर याडीच होती. संगीतानं सवयीनं गळ्यात हात टाकले, पहिला सूर लावला, "याडी ये..." आणि पुढचा सूर तिच्या हातात राहिला नाही. विहीर आली, मागं धावणारी काठी आली, तूप-भाकर आली, स्टँडवरचा तो डबा आला. इतक्या वर्षांत इतक्या प्रयोगांत रडलेली बाई, पण आज तिचं नाक लाल झालं, शेंबूड आला, आवाज चिरकला. जमनीनंही लेकीला घट्ट धरून सूर मिळवला. खाटेवरचा धावजी उगीचच बैलांकडं पाहत बसला.

जमनीनं पदरानं लेकीचं तोंड पुसलं. "झालं," ती म्हणाली. "आता गेली तू."

श्रेयस हात जोडत धावत आला. "आजी, प्लीज, अजून एकदा! कॅमेरा सुरूच नव्हता हो!"

"पोरगी एकदाच जाते, बापा," जमनी म्हणाली आणि घरात शिरली. बाहेर आली ती गाठोडं घेऊन, आणि संगीताच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. ऊन कलेपर्यंत शूटिंग चाललं. चहाला म्हणूनसुद्धा ती खाली उतरली नाही.

पॅकअप झालं तशी संगीता तिच्याशेजारी बसली आणि गाडी निघाली. संगीतानं चारुदत्ताला फोन केला, तर तो भला माणूस लगेच स्वयंपाकाच्या तयारीला लागला. उमरखेड मागं पडलं, महागाव मागं पडलं, रस्ता काही सरेना. जमनी काचेतून बाहेर पाहत होती. मग लेकीचा हात हातात घेऊन म्हणाली, "लयच दूर देलं वं तुले आमी."