जळकोटची लिंबोणी आणि माझी आगाऊ चिठ्ठी

मी जळकोटला गेले ती एका पोस्टकार्डामुळं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, मी परभणीला शेतकी शिकत होते. मामीला लिहिता येत नसे. कार्ड शाळेतल्या गुरुजींच्या हातचं होतं, पण बोल तिचेच: "तुझ्या चिठ्ठीमुळं माझी लिंबोणी चालली. गुरुवारी तोडतेत. येऊन बघ."

झालं होतं असं, की मामीच्या गावच्या फळबाग सोसायटीनं मला पत्र पाठवून विचारलं होतं, लिंबावर खैऱ्या, म्हणजे डागांचा रोग पडलाय, काय करावं? त्यांच्या ओळखीत शेतकी शिकणारी मी एकटीच. उथळ पाण्याला खळखळाट फार! वहीतलं वाक्य जसंच्या तसं उतरवून धाडलं: 'डाग दिसताच झाड तोडून जाळावे.' सोसायटीनं तोच ठराव केला.

बुधवारी पहाटेची लातूर गाडी धरली. लातूरला बदलून उमरगा, तिथून सोलापूरकडे जाणारी कुठलीही लाल गाडी जळकोटला सोडते. तुम्ही कधी गेलात तर उमरग्याला पोट भरून घ्या. ट्रकवाल्यांच्या हॉटेलातली मिरचीभजी खाताना डोळ्यांतून पाणी आलं, निम्मं भज्यांमुळं. पुढच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, "जळकोटला कोण हाय?"

"मामीचं झाड," तोंडातून निघून गेलं.

"झाड काय कुठं जात न्हाय बाई, निवांत बसा," तो म्हणाला. मी मात्र तुळजापूर तालुक्याची हद्द येईपर्यंत सीटच्या कडेवरच बसले होते.

मामी दारातच उभी होती. "जय भीम, मामी."

"जय भीम. आधी झाड बघ, मग पानी पी."

परसात लिंबोणी, खोडावर गेरूचा पट्टा. म्हणजे उद्या कुऱ्हाड. बहात्तरच्या दुष्काळात मामी खडी फोडायला जायची. तिथं कुणीतरी दिलेल्या लिंबाची बी तिनं डब्यात लावली आणि भांडी धुतलेल्या पाण्यावर जगवली. माणसांना प्यायला पाणी नव्हतं तेव्हाचं हे झाड.

पानांवर डाग होतेच. मला रडू आलं. पण कुंपणापलीकडं सोसायटीच्या चेअरमन अण्णांची बाग होती. त्यांच्या झाडाची एक काटेरी फांदी वाऱ्यानं मामीच्या झाडावर घासत होती. दोन्हीकडची पानं तोडून मी बोट फिरवलं. अण्णांच्या पानावर खरूज फुगलेली, खरखरीत, भोवती पिवळं कडं. मामीच्या पानावर काट्यानं ओरखडलेल्या जागी मोहरीएवढे कोरडे ठिपके, सपाट. काही ठिकाणी ठिपका गळून नुसतं भोक उरलेलं. रोग आत शिरला होता, पण तिथंच थांबला होता.

"मामी, हे आजारी न्हाय! रोगाचे जंतू शिरले की आसपासच्या पेशी हे झाड आपणहून मारतं. जंतूंना पुढं जायला जिवंत जागाच राहत नाही."

मामीनं पान उलटंपालटं करून पाहिलं. "कडब्याच्या गंजीला आग लागली की भवतालचा कडबा वढून काढतेत, तसं?"

मास्तरांनी सहा तासांत शिकवलं नसतं ते मामीनं एका वाक्यात सांगितलं!

संध्याकाळी अण्णा आले. त्यांनीही पानं चाचपली. "माझी फांदी वर्सभर घासतीया, तरी हिला कायच न्हाय? अन् माझी दोनशे झाडं कशी आजारी पडली?"

"अण्णा, तुमची सगळी कलमं एकाच झाडाची. एकाला जे सोसत न्हाय, ते कुणालाच सोसत न्हाय. मामींचं बीपासून उगवलेलं. लिंबाचं बी बहुतेक आईवरच जातं, पण एखादं वेगळं निघतं. ही ताकद त्याच्या बीजातच असते."

चूक माझ्या चिठ्ठीची, हेही मी सांगून टाकलं. अण्णा हसले नाहीत. ठराव बदलतो म्हणाले. मग जरा घुटमळून मामीला विचारलं, "वैनी, कलमाला ह्याच्या फांदीचे डोळे मिळतील का? नव्या रोपांच्या खुंटांवर भरून बघतो."

"न्या की. लई हायेत. पर आधी त्यो पट्टा तुमच्या हातानं पुसा."

अण्णांनी धोतराचा सोगा ओला केला आणि वाकून गेरू पुसला. मामी शेजारी तांब्या धरून उभी. मला इतकं हलकं वाटलं, की शेंगाचटणीबरोबर तीन भाकरी खाल्ल्या आणि दिवेलागणीलाच आडवी झाले.

आता तिथला हायवे रुंद झालाय, थोडं पुढं नळदुर्गचा किल्लाही बघून घ्या. मी तेव्हा किल्ला न बघताच परतले, पिशवीत मामीनं कोंबलेली लिंबं घेऊन. परभणीला खोलीवर आल्याबरोबर वही उघडली. 'डाग दिसताच झाड तोडून जाळावे.' वाक्य खोडलं नाही, तसंच राहू दिलं, माझी लाज म्हणून. खाली फक्त लिहिलं: 'आधी डागावर बोट फिरवावे. आणि ज्यांनी झाड जगवले, त्यांना विचारावे.'