धुतलेली ज्वारी

व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं हल्ली एकच म्हणता, आजी, चिमण्या दाखव. मी विषय बदलते. का, ते एकदा सांगून टाकते.

लातूरच्या आपल्या अंगणात मातीची दोन ताटं असायची, एक दाण्यांचं, एक पाण्याचं. रोज घासल्याशिवाय मी ती भरत नसे, कारण शिळ्या दाण्यांना बुरशी येते आणि पाखरं आजारी पडतात. एकदा सवय लावली की पाखरू ताटात काय आहे ते तपासत नाही. ते आपण तपासायचं असतं.

मागच्या रब्बीच्या पेरणीनंतर तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ मुखेडहून आले. येताना ज्वारीची छोटी पिशवी आणली. "वहिनी, तुमच्या पाखरांना," म्हणाले. मला फार बरं वाटलं. आजोबा गेल्यापासून माझ्या या छंदाची कुणी दखल घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच ज्वारी ताटात घातली. दुपारी जास्वंदीखाली चिमण्या मरून पडलेल्या दिसल्या. एक होला भिंतीला टेकून बसला होता, मान सावरत नव्हती. हातात घेतला तरी उडायला बघेना. थोड्या वेळानं तोही गेला.

मी ताट उचललं, पिशवी उलटी करून झटकली. तळाच्या शिवणीत चार-दोन गुलाबी दाणे अडकले होते. पेरणीच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून औषध चोळतात, त्याचा तो रंग. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरातलं लहान मूलसुद्धा त्या दाण्याला हात लावत नाही.

फोन केला. ते नाही म्हणतील, अशी आशा होती.

"हाव, उरलेलं बियाणंच हाय ते. पण धुऊन, वाळवून दिलं की, वहिनी. घरात लेकरं हायेत, ठेवायची भीती वाटत होती. फेकायचं जिवावर आलं."

मग मला सांगितलं का नाही, असं विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं नसतं."

उरलेली ज्वारी मी खोल खड्ड्यात पुरली.

आपल्या घरची वर्षाची ज्वारी त्यांच्याच शेतातून येते. सुट्टीत तुम्ही तूप लावून खाल्लेल्या भाकरी तिच्याच. यंदाही पोतं आलं. तोंड उसवून ओंजळ ओंजळ पांढऱ्या कापडावर पसरून पाहिली. दाणे टपोरे, स्वच्छ होते. तरी दळायला दिले नाहीत. पीठ दुकानातून आणते.

पाण्याचं ताट रोज भरते. दाण्यांचं पालथं घातलंय. वाचलेल्या चिमण्या सकाळी त्यावर बसून वाट बघतात. म्हणून फोन तिकडे वळवत नाही.