टेकडीवरचं हळदीकुंकू

आमच्या कॉलनीत चंद्रभागाबाई कधी राहायला आल्या ते मला आठवत नाही, आणि लक्षात ठेवावं असं त्यांच्यात काही होतंही नाही. मूळच्या मनमाडच्या. नवरा रेल्वेत गँगमन, तो गेला. मग लेकाने, रोहितने, इथे म्हसरूळला फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन आला. सकाळी मागच्या टेकडीवर फिरायला जायच्या. आम्हीही जायचो, पण बूट घालून, हात हलवत. या बाई स्लिपर फटफटवत जायच्या आणि येताना कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचं गुडघ्याचं दुखणं, सगळं ऐकून यायच्या. महिन्याभरात अख्खी गल्ली त्यांची झाली. महिला मंडळाची अध्यक्ष मी, बरं का. पण रस्त्यात हाका कुणाला? चंद्रभागाबाईंना!

मग टेकडीच्या पायथ्याशी जेसीबी आला. कुणा बिल्डरला म्हणे तिथे प्लॉट पाडायचे होते. मी लगेच निवेदन लिहिलं, सह्या घेतल्या, पालिकेत नेऊन दिलं. याउपर काय करतात माणसं? आमच्याच कॉलनीतली तेजल वकील आहे, तिने कोर्टात दावा लावला. तारीख मिळाली रथसप्तमीची.

"तोपर्यंत त्यांनी टेकडी खणून टाकली, तर वाचवायला काही उरणार नाही," तेजल मीटिंगमध्ये म्हणाली.

आणि मागून चंद्रभागाबाई बोलल्या, "संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तुमची हळदीकुंकवं हायेतच ना? मग ती टेकडीवरच करा की. रोज एकीचं. बाया बसलेल्या दिसल्या, तर मशीन कशाला पुढं येईल?"

टाळ्या! माझी मीटिंग, माझा चहा, आणि टाळ्या त्यांना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढी साधी गोष्ट मला का सुचू नये? शिवाय बाईंना स्वतःला हळदीकुंकू करताही येत नव्हतं. विधवेने करायचं नाही, अशीच आमच्याकडे रीत.

युक्ती मात्र चालली. सकाळचे डबे झाले की बायका वर जायच्या, दिवेलागणीला खाली उतरायच्या. जेसीबीचा ड्रायव्हर मशीन बंद करून बाभळीखाली तिळगूळ खात बसायचा. चंद्रभागाबाई रोज हजर. कुंकवाचं ताट फिरायला लागलं की आपण होऊन सतरंजीवरून उठायच्या आणि मशीनच्या वाटेवर एकट्या जाऊन बसायच्या. तरी यजमानीण कोणीही असो, उद्या काय करायचं ते विचारायला बायका त्यांच्याकडेच पळायच्या. जळफळाट व्हायचा माझा, सरळ सांगते.

रथसप्तमी दरवर्षी माझी. म्हटलं, आता दाखवतेच. मंडप घातला, मसाला दूध केलं, वाणाला स्टीलचे डबे आणले, येवल्याची पैठणी नेसून टेकडी चढले. तेजल कोर्टात गेली होती.

आणि नेमका त्याच दिवशी बिल्डरचा माणूस आला. कोर्टाचा हुकूम यायच्या आत जमेल तेवढं खणायचं, हा त्यांचा डाव. ड्रायव्हरही नवा आणलेला. मशीन घरघरत थेट वर आलं. बायका घाबरून मंडपात गोळा झाल्या. वाटेवर एकट्या चंद्रभागाबाई, मांडी घालून.

"आजी, उठा! लागेल उगाच," तो माणूस ओरडला.

त्या हलल्या नाहीत. सगळ्या बायका श्वास रोखून त्यांच्याकडे बघताहेत. माझ्या हळदीकुंकवात!

माझं डोकंच फिरलं. ताट उचललं आणि तरातरा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"हळदीकुंकू कुणाचं आहे आज?"

"तुमचंच की, ताई."

"मग पुढे यजमानीण बसणार! तुम्ही पाहुण्या. पाहुणीने पाहुणीसारखं मागे बसायचं." आणि पाहुणी म्हणजे पाहुणीच, हे सगळ्यांना दिसावं म्हणून मी त्यांच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं.

"मला नाय चालत हो," त्या पुटपुटल्या. पण कपाळ मागे घेतलं नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मी पैठणीसकट मातीत बसले, त्यांच्यापुढे. मागून आमच्या मंडळातली कलाबाई आली, मग एकेक करत सगळ्याच आल्या. मंडप रिकामा, वाट भरलेली. नवीन ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं, चावी काढली आणि खाली उतरला. बिल्डरचा माणूस खूप ओरडला, पण ड्रायव्हर काही परत चढला नाही. दुपारी तेजलचा फोन आला, कोर्टाने स्थगिती दिली.

आता कॉलनीभर एकच चर्चा, मंजुषाताईंचं मन केवढं मोठं! मोठं कसलं डोंबलाचं. अंगाची आग झाली होती म्हणून उठले मी. पण हे सांगायचं कुणाला? वर मंडळाने ठरवलं, पुढच्या वर्षीचं पहिलं हळदीकुंकू चंद्रभागाबाईंचं. मीच कुंकू लावलेलं, मी नाही कुठल्या तोंडाने म्हणू?

काल संध्याकाळी त्या घरी आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"ताई, तुमचं ताट द्याल का तेव्हा? माझं, हे गेले त्याच दिवशी जावेने उचलून नेलं. नवं घ्यायचा धीर होईना."

देते म्हटलं. चांदीचं आहे, पॉलिश करूनच देईन. तिच्या हातात काळं पडलेलं ताट मला बघवणार नाही.