तंबोऱ्याचा पाचगणीतला मुक्काम

काळजी करायला मला कधी निमित्त लागत नाही. त्या दिवशी मात्र निमित्त होतं, आणि ते रजईत गुंडाळून माझ्या मांडीवर आडवं ठेवलेलं होतं.

मिरजेहून साताऱ्याला जाणाऱ्या एसटीत, इस्लामपूर मागं पडल्यावर, कंडक्टर म्हणाला, "आवं, म्हातारीला बरं न्हाई काय? तोंड तरी उघडं ठेवा की तिचं." सगळी गाडी हसली. शेजारी बसलेले अब्बा हसले नाहीत आणि मीही हसले नाही. रजईत तंबोरा होता, आजारपणानंतर अब्बांनी केलेला पहिला.

आदल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, हात मात्र कापत राहिला. चहाची बशी ओठांपर्यंत जाईतो निम्मी सांडायची. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तंबोरे घेणारे सगळे बाहेरगावचे, त्यांना नव्हतं. गाणारी माणसं एकमेकांशी फार बोलतात. एकाला कळलं असतं तर महिन्याभरात सगळ्यांना कळलं असतं, आणि मग आमच्या दुकानाची पायरी कुणी चढलं नसतं. पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. मी वीस-एकवीस वर्षांची होते, भाऊ नव्हता.

पाचगणीच्या एका शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाईंनी हा तंबोरा करायला सांगितला होता. आमची राहायची सोय त्यांनी एका जुन्या साहेबी हॉटेलात केली होती. हॉटेल आपलं म्हणायचं. कुणा गोऱ्याला त्याच्या गावाकडच्या वाटेवरची सराय इतकी आठवायची, की त्यानं तशीच इथं बांधून घेतली, असं तिथला म्हातारा रखवालदार सांगायचा. बुटकी दारं, हातभर जाडीच्या दगडी भिंती, काळ्या पडलेल्या तुळया, आणि खोलीखोलीत भिंतीतली शेकोटी. साहेब कधीच गेला होता, तरी जेवणाची घंटा व्हायची आणि घंटा झाली की सगळ्यांनी खाली मोठ्या टेबलाशी जाऊन बसायचं. आत शिरताना चौकट अब्बांच्या कपाळाला लागली. "एवढासाच होता काय इंग्रज?" ते म्हणाले. (घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत लिहिते आहे.)

भादवा सरत आला होता, तरी धुकं खिडकीतून सरळ खोलीत येत होतं. उशी ओलसर, पांघरूण ओलसर, काड्यापेटीतली काडी पेटेना. मी रजई चाचपून पाहिली. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या एका घोडीवरून जातात. त्या घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा असतो की तार त्याला टेकते न टेकते, आणि मग आवाज घुमत राहतो. त्यालाच जवारी म्हणतात. हवा दमट झाली की ती बसते आणि पुन्हा घासावी लागते. मिरजेत अब्बांनी जवारी दार लावून केली होती, कितीतरी दिवस लावून. इथं ती बसली, तर कानस बाईंसमोर हातात घ्यावी लागणार होती. ही भीती आम्ही दोघंही घरूनच बरोबर घेऊन निघालो होतो, पण तिचं नाव कुणी काढलं नव्हतं.

रखवालदारानं शेकोटी पेटवून दिली. "आता बिनघोर बसा. लय ऊब येती." आगीतून फुफाट्यात. आता आचेनं भोपळा तडकेल ही अब्बांची धास्ती, आणि धुक्यानं आवाज बसेल ही माझी. मी तंबोरा शेकोटीकडं सरकवायची, ते मागं ओढायचे. घंटा झाली तेव्हा तो खोलीच्या मधोमध खुर्चीत पाहुण्यासारखा बसवला आणि आम्ही खाली गेलो. काय जेवले ते आठवत नाही.

सकाळी नाश्त्यानंतर बाई आल्या. उभ्या उभ्याच त्यांनी तारा छेडल्या. ओल्या घोंगड्यावर काठी मारावी तसा आवाज आला.

"उस्ताद, हा बोलत नाहीये," त्या म्हणाल्या. "जरा घासावी लागेल ना? इथंच करा, मी बघत बसते. मला बघायचंच आहे एकदा."

मी अब्बांकडं पाहिलं. अब्बा मात्र शांतपणे म्हणाले, "बाई, जवारी जवळनं कळत न्हाई. तुमी भाईर व्हरांड्यात बसा, मी दार लावतो. भिंतीपल्याड गोड लागली तर ती खरी."

असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. बाईंना मात्र ते पटलं.

दार लागलं. अब्बांनी तारा बाजूला सारल्या, कानस घोडीपाशी नेली. ती लाकडावर टकटक वाजली. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरून पाहिलं, तरी वाजली. मग ती माझ्यापुढं केली. जुन्या, टाकून दिलेल्या घोड्यांवर त्यांनी मला लहानपणापासून शिकवलं होतं, पण विकायच्या वाद्याला हात लावायची मुभा नव्हती.

"नको अब्बा. बिघडलं तर?"

"मी ऐकतोय," ते म्हणाले.

मी घासायची, तार जागेवर आणून छेडायची. ते डोळे मिटून बोटानं सांगायचे, अजून, थोडं पुढं, बास. बोटही कापायचं. सांगणं कुठलं आणि नुसतं कापणं कुठलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागायचं. घामानं माझी बोटं निसटत होती.

तेवढ्यात रखवालदार चहा घेऊन, दार ढकलून सरळ आत आला. त्यानं माझ्या हातातली कानस पाहिली, मांडीवर पडलेला अब्बांचा हात पाहिला, आणि आल्या पावली बाहेर गेला. संपलं सगळं, मला वाटलं. बाहेर बाई विचारत होत्या, "झालं का हो? जाऊ का आत?"

"हितंच घ्या च्या, बाई," रखवालदार म्हणाला. "आत लय धूर झालाय. धुराडं तुंबलंय." शेकोटी तर उजाडायच्या आधीच विझली होती.

त्यानंतर चौथ्या तारेचा आवाज मोकळा झाला. खर्जाचा स्वर त्या जाड भिंतींत घुमला आणि कितीतरी वेळ विरेना. अब्बांनी डोळे उघडले. दार त्यांनीच उघडलं.

बाई आत आल्या, तंबोरा मांडीवर घेऊन बराच वेळ छेडत बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही आजारी होतात असं कानावर आलं होतं. खोटं कशाला बोलू, मला धास्ती होती. पण हात तोच आहे तुमचा."

"अल्लाची मेहरबानी," अब्बा म्हणाले.

परतीच्या एसटीनं पसरणीचा घाट उतरताना माझा जीव भांड्यात पडला होता. बाईंचं तोंड कसं झालं, रखवालदार कसा धडधडीत खोटं बोलला, मी एकटीच बडबडत होते. मग लक्षात आलं, कानस अजून माझ्याच मुठीत होती. मी ती त्यांच्यापुढं धरली.

"राहू दे तुझ्याकडंच," ते म्हणाले, आणि मान खिडकीकडं वळवून लहान मूल आईचा पदर शोधतं तशी त्यांनी माझ्या ओढणीची कड ओढून डोळ्यांना लावली.

मला रडू फुटलं. इतके दिवस मी भीत होते ते बाईंना कळेल म्हणून. आपला हात आता संपला हे अब्बांना कळेल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.