मागच्या सीटवरचा कान

गाडीतली कुरकुर, खडखड शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सगळे त्यांना ‘कानकाका’ म्हणत. इंजिनाला ते शिवतसुद्धा नसत. त्यांचा प्रांत आतला: डॅशबोर्ड, सीटा, दारांची पॅनेलं. डोळे मिटून बसायचे, खडबडीत गल्लीतून एक फेरी मारायला लावायचे, आणि बोट नेमकं जागेवर! मग प्लास्टिक उचकटायचं, आत फेल्टची मऊ पट्टी चिकटवायची, की गाडी चिडीचूप.

पण हल्ली बारीक आवाज त्यांना चकवू लागले होते. हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. कान गेला तर कानकाका कसले?

त्या सकाळी टॅक्सीवाला परत आला. “काका, काल तुम्ही ‘गेला’ म्हणालात, पण तो किडा अजून किरकिरतोय हो!”

“कुठे? मला तर काही...” भर प्रयोगात वाक्य विसरलेल्या नटासारखे काका उभे राहिले.

काकू दारातल्या ओट्यावर बसून भाजी निवडत होत्या. “मागे, डावीकडे. काल गाडी बाहेर पडताना ऐकला मी.”

“मग कालच का नाही बोललीस?”

“विचारलंत कधी?” भाजी बाजूला सारून त्या थेट मागच्या सीटवर जाऊन बसल्या. “चला.”

टॅक्सी निघाली. काकूंच्या शेजारी बसून काका एकेक जागा तळव्याने दाबत गेले.

“आता?”

“आहे.”

“आता?”

“आहेच मेला.”

दोन दारांमधल्या खांबावर तळवा टेकला, आणि काकूंच्या कपाळावरची आठी विरली. काकांना उत्तराची गरजच उरली नाही.

आत एक क्लिप तुटली होती. नवी बसवली, पट्टी लावली, पुन्हा फेरी झाली. काकू मान मागे टेकून निवांत.

“काकू, तुम्ही तर उस्ताद निघालात!” टॅक्सीवाला म्हणाला.

“इतकी वर्षं ह्यांची कुरकुर ऐकतेय, गाडीची काय मोठी?”

तो गेल्यावर काकांनी हळूच विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“चहासाठी तीन-तीन हाका मारते मी. ठाऊक नसेल होय?”

दुपारी नवं गिऱ्हाईक आलं. “काका, जरा बसून ऐकता का? दारातून काहीतरी वाजतंय.”

“ऐकतो की,” काका ऐटीत म्हणाले. “जरा थांबा. आमची ही चपला घालतेय.”